खिळा, वही आणि संगणक : नारायण पेठेतील कसबाचा आणि कामगारांचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी चार शब्द लिहावेत, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले आणि माझी लेखणी चालली ती वहीत. परंतु मंडळाने आग्रह सोडला नाही. पेठेच्या इतिहासावर लिहा, असे सुचविले. नारायण पेठेतील वाडे, मंदिरे, गणेशोत्सव यांविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. या पेठेत हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसांनी आपले कसब कोठून मिळविले, ते कसे टिकविले आणि काळ पालटला तेव्हा त्या कसबाचे व त्या माणसांचे काय झाले, हा तो विषय होय. या हिशेबात माझ्या स्वतःच्या दुकानाच्या नावेही एक बाकी निघते. तीही येथे लपविलेली नाही.

पेठेचे नाव आणि लुगड्याचे नाव

परगावचे ग्राहक दुकानात आले की हटकून विचारतात, "नारायणपेठी साडी तुमच्याच पेठेत विणतात का हो?" गेली चाळीस वर्षे मी त्यांना समजावून सांगत आलो आहे की, आमच्या पेठेचे नाव नारायणराव पेशव्यांवरून पडले आणि ती साडी ज्या गावाची, ते नारायणपेठ तेलंगणात आहे. पूर्वी ते निजामाच्या मुलुखात होते. २०१९ सालापासून ते जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. मात्र या प्रश्नातून मला एक गोष्ट नेहमी जाणवली. एका लहानशा गावाचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले, ते तेथील विणकरांच्या हातातील कसबामुळे. आमच्या पुण्याच्या नारायण पेठेलाही असेच एक कसब लाभले होते. ते कापडाचे नव्हते, छपाईचे होते.

दि. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' निघाला. पुढे १९०५ साली लोकमान्य टिळकांनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडून नारायण पेठेतील गायकवाड वाडा विकत घेतला आणि तो वाडा 'केसरी वाडा' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याआधीच, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने शेजारच्या सदाशिव पेठेत चित्रशाळा छापखाना उभा राहिला होता. वृत्तपत्र, पाठ्यपुस्तके, पंचांगे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके या सर्वांसाठी लहानमोठे छापखाने सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतील वाड्यांच्या तळमजल्यांवर थाटले गेले. माझ्या लहानपणी बोळातून शाळेत जाताना ट्रेडल यंत्राचा ठेका आणि शाईचा वास यांवरून किती वाजले असतील, याचा अंदाज येत असे.

उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आज केवळ निवडणुकीपुरता उरला आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत त्याचा अर्थ वेगळा होता. काम शिकण्यासाठी एखाद्या दुकानात वा कारखान्यात काही वर्षे अल्प वेतनावर राहणे, म्हणजे उमेदवारी करणे. या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी. ते लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. खिळे घासता घासता ते खिळ्यांचे मर्म शिकले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी. या दोघांच्या हातून उतरलेल्या देवनागरी अक्षरांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. त्यांना हे काम कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते.

खिळे जुळविणाऱ्या कामगाराला आपण जुळारी किंवा कंपोझिटर म्हणत असू. इंग्रजी जुळणीला जेवढे खिळे लागतात, त्याच्या कितीतरी पट खिळे देवनागरीला लागत. जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार हे सर्व धरून ही संख्या काही शतकांत जाई. लाकडी केसच्या प्रत्येक खणात कोणते अक्षर आहे, हे जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवर आणि नजर हस्तलिखितावर, अशी त्याची बैठक. स्टिकमधील अक्षरे त्याला उलटी दिसत. ती तो सुलट वाचल्यासारखी वाचत असे. छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत. नव्या मुलाची उमेदवारी याच कामापासून सुरू होई, कारण खण पाठ होण्याचा दुसरा मार्ग नव्हता. खिळ्यांची ही प्रचंड संख्या कमी व्हावी व यंत्राने जुळणी करता यावी, म्हणून लोकमान्यांनी स्वतः लक्ष घालून प्रयत्न केले होते. राजकारणाच्या धकाधकीत त्यांना या विषयासाठी वेळ काढावासा वाटला, यावरून जुळाऱ्यांच्या कामाचे महत्त्व ध्यानात यावे.

आमच्या कापडाच्या व्यापारातही उमेदवारी होतीच. गावाकडून आलेला मुलगा प्रथम दुकान झाडी, मग ताग्यांच्या घड्या घाली. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या हाती गज येई. कापडाचा पोत बोटांनी ओळखणे, पन्हा नजरेने सांगणे, धुतल्यावर कोणते कापड आटेल व कोणाचा रंग जाईल हे जाणणे आणि ग्राहकाने न सांगता त्याची ऐपत ओळखणे, या सर्व गोष्टी तो पाहून पाहून शिके. गादीवरील मुनीमजी हे तर त्या विद्यापीठाचे कुलगुरूच. रोजमेळ, खतावणी, जमा-नावे, हुंडीची मुदत, उधारीची वसुली आणि ताग्यावर दर लिहिण्याची सांकेतिक अक्षरे, हे सारे त्यांच्या मुखोद्गत असे.

या पद्धतीचा गौरव करताना तिचे दोष झाकणे योग्य होणार नाही. उमेदवारीच्या नावाखाली कोवळ्या वयाच्या मुलांना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबविले जाई. खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असत. ते शिसे बोटांवाटे पोटात जाई. मंद दिव्याखाली काम करून जुळाऱ्यांची दृष्टी अधू होई. दुसरा दोष अधिक मोठा होता. उमेदवारी ओळखीने मिळत असे. ज्यांची जात, ओळख किंवा स्थिती अनुकूल नव्हती, त्यांना आणि जवळजवळ सर्वच स्त्रियांना हे दार बंद होते.

दार उघडणाऱ्या संस्था

हे बंद दार उघडण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच परिसरात झाले. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याची 'पैसा फंडा'ची कल्पना मांडली व लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले. या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे काच तयार करण्याबरोबरच काच तयार करणारी माणसेही घडवावीत, असा हेतू होता. परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना शिकविले. तेथून बाहेर पडलेले कारागीर पुढे देशातील अनेक काच कारखान्यांत कामाला लागले. व्यापारी दृष्टीने पाहता एका पैशाची इतकी चांगली गुंतवणूक क्वचितच झाली असेल.

१९०९ साली पुण्यात दोन संस्था सुरू झाल्या. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील सेवासदनाने स्त्रियांना शिवणकाम, शिक्षणकार्य, परिचर्या अशी अर्थार्जनाची कामे शिकविली. त्याच वर्षी निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे या संस्थेने स्वतःचा छापखाना चालविला, मुद्रणाचे शिक्षण दिले आणि तिच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकीची पदवीदेखील सुरू झाली. जी विद्या बोळातील उमेदवारीने मिळत होती, ती कोणाही विद्यार्थ्याला वर्गात मिळू लागली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीरांनी किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांना विकण्याचे काम केले होते. कारखाना, बाजारपेठ आणि शेतकरी या तिघांनाही त्यांनी जवळून पाहिले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही योजना रुजविली. श्रम करणारा हात आणि शिकणारे डोके एकाच मुलाच्या ठायी असावे, हा त्यांचा आग्रह होता.

कामाचे तास, रजा आणि कायदा

कसब मिळाले तरी कामाची प्रत सुधारतेच असे नाही. तिच्यासाठी वेगळा लढा द्यावा लागला. सत्यशोधक चळवळीचे 'दीनबंधु' हे पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केले आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. याच लोखंड्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आपण आज ज्या रविवारी कुटुंबासह बाहेर पडतो, त्यामागे त्या कामगारांचे कष्ट आहेत.

दुकानातील नोकरांना संरक्षण मिळण्यास मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. मुंबई प्रांतात १९३९ साली दुकाने व आस्थापना कायदा झाला आणि १९४८ साली त्याची जागा नव्या, अधिक व्यापक कायद्याने घेतली. आम्ही व्यापारी त्याला 'गुमास्ता कायदा' म्हणतो. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि एक दिवस सुटी, अशी मर्यादा त्याने घातली. माझे आजोबा या कायद्यावर नाराज होते, असे वडील सांगत. परंतु त्याच कायद्यामुळे आमच्या दुकानातील माणसे आठवड्यातून एक दिवस आपल्या मुलांना पाहू लागली, हेही वडीलच सांगत.

या कायद्यांना एक मोठी फट होती. भविष्य निर्वाह निधी वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना, तर १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होई. नारायण पेठेतील बहुतेक छापखाने आणि दुकाने या संख्येच्या आतलीच. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे एकाच गादीपाशी काम केलेला माणूस निवृत्त होताना मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. मालक सज्जन असला तर त्याचे भले होई. नाहीतर एक शाल, एक नारळ आणि हारासहित फोटो.

आणे गेले, वार गेले, माणसे राहिली

नवे तंत्र आले की जुनी माणसे निरुपयोगी होतात, असे हल्ली सर्रास बोलले जाते. आमच्या व्यापाराचा इतिहास वेगळेच सांगतो. दि. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ वार आणि गज जाऊन मीटर आला. विचार करा, ज्या मुनीमजींनी जन्मभर आणे-पैचे पाढे म्हटले, ज्या गुमास्त्यांचा हात वारावर बसला, त्यांना चाळिशी-पन्नाशीत सगळे नव्याने शिकावे लागले. तरीही कोणाची नोकरी गेली, असे मी वडिलांकडून कधी ऐकले नाही.

याचे कारण साधे होते. सरकारने अवधी दिला. जुनी व नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालली. मीटर टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. भिंतीवर रूपांतराचे कोष्टक टांगलेले असे. चूक झाली तर कोणी हसत नसे, कारण सर्वच चुकत होते आणि मालकही नोकराबरोबरच शिकत होता. दशमान पद्धतीने आकडेमोड बदलली. परंतु कापड ओळखण्याचे आणि माणूस ओळखण्याचे कसब जसेच्या तसे कामी आले.

खिळ्यांचा अस्त

पुढची लाट मात्र अशी सावकाश आली नाही. कापडाच्या क्षेत्रात दि. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन दुकानात बसू लागलो होतो. ज्या गिरण्यांचे छाप पाहून ग्राहक डोळे मिटून कापड घेत, त्यांचे तागे येणे बंद झाले आणि आमची खरेदी भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांकडे वळली. व्यापाऱ्याला दुसरा पुरवठादार मिळाला. गिरणीत वीस वर्षे ताणा-बाणा सांभाळलेल्या कामगाराला मात्र दुसरी गिरणी मिळाली नाही. त्याला नवे काही शिकविण्याची व्यवस्था आहे का, असा प्रश्न त्या वेळी मला सुचलासुद्धा नाही. मी मालाच्या चिंतेत होतो.

आमच्या पेठेची पाळी थोड्याच वर्षांत आली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय भाषा संगणकावर आणण्याच्या कामाला तेथे मोठी चालना मिळाली. मराठी अक्षरे पडद्यावर उमटू लागली, पुण्यातच तयार झालेली 'श्री-लिपी'सारखी आज्ञावली छापखान्यांत आली आणि ऑफसेट छपाई स्वस्त झाली. १९९० ते २००० या दहा वर्षांत शंभर वर्षांचे खिळ्यांचे राज्य संपले. केसमधील खिळे वजनावर मोडीत विकले गेले. लाकडी केस कोणी शोभेच्या वस्तू म्हणून भिंतीवर लावले.

या दहा वर्षांत मी आमच्या बोळात दोन प्रकार पाहिले. बहुतेक छापखान्यांत मालकाने संगणक आणला, तो चालविण्यासाठी संगणकाचा वर्ग केलेला विशीतला तरुण ठेवला आणि जुळाऱ्यांना हिशेब करून निरोप दिला. त्यांपैकी एक गृहस्थ पुढे रात्रीचे पहारेकरी झाले. एकांनी भाजीची गाडी लावली. ज्यांची बोटे अंधारातही 'क्ष' आणि 'ज्ञ' अचूक उचलत, त्यांना त्या बोटांचा काहीच उपयोग उरला नाही.

एका छापखान्याच्या मालकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांनी आपल्या तिघा जुळाऱ्यांना दुपारी दोन तास कामातून मोकळे केले आणि सहा महिने संगणकासमोर बसविले. पगार चालू ठेवला. तिघांपैकी एकांना ते जमले नाही. त्यांना मुद्रितशोधनाचे काम दिले. उरलेले दोघे अक्षरजुळणीत असे तयार झाले की, प्रकाशक त्यांचेच नाव घेऊन काम देत. मी त्या मालकांना एकदा विचारले, "तरुण मुलगा स्वस्तात मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी?" ते म्हणाले, "शेठ, तरुण मुलगा कळफलक जाणतो. ऱ्हस्व-दीर्घ जाणत नाही. ओळ कोठे तोडावी, मथळ्यावर किती जागा सोडावी, हे त्याला ठाऊक नाही. यंत्र मी पैसे देऊन आणले. हे कोठून आणू?"

माझ्या वहीतील बाकी

हे उत्तर ऐकून मी मान डोलावली होती. परंतु माझ्यावर तोच प्रसंग आला, तेव्हा ते मला आठवले नाही.

आमच्या दुकानातील मुनीमजी १९७४ साली वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. मी तेव्हा शाळेत होतो. जमा-नावेचा पहिला धडा मी त्यांच्याकडे गिरविला; महाविद्यालयात शिकलो तो दुसरा. कापडाच्या व्यापाराला १९५७ पासून विक्रीकर नव्हता. त्याऐवजी गिरणीच्या दारातच अतिरिक्त उत्पादन शुल्क वसूल होई. त्यामुळे इतर व्यापाऱ्यांना जी विवरणपत्रे भरावी लागत, त्यांच्यापासून आम्ही दूर होतो. मुनीमजींच्या लाल वह्या पुरेशा होत्या. दि. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि कापडावर पाच टक्के कर बसला. प्रत्येक बिल संगणकावर, प्रत्येक मालाला सांकेतिक क्रमांक आणि ठरावीक मुदतीत ऑनलाइन विवरणपत्र. आमच्यासारख्या लहान कापड दुकानदारांना संगणकावाचून गत्यंतर राहिले नाही.

मी संगणक आणला. हिशेबाची आज्ञावली आणली. बी.कॉम. झालेली एक हुशार मुलगी नेमली. मुनीमजींचे वय सहासष्ट होते. त्यांना आता हे जमणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. त्यांना विचारले नाही. तीन महिने ते गादीवर नुसते बसून राहिले. ग्राहक आले की पूर्वीप्रमाणे वही उघडत आणि पुन्हा मिटत. दिवाळीच्या वहीपूजनानंतर त्यांनी स्वतःच निरोप मागितला. मी शाल, श्रीफळ आणि एक्कावन्न हजार रुपयांचे पाकीट दिले. दुकानात पेढे वाटले. मला वाटले, आपण रीत पाळली.

पुढील दोन महिन्यांत मला त्यांची उणीव पदोपदी भासली. जुन्या ताग्यांवरील दराची सांकेतिक अक्षरे नव्या मुलीला वाचता येईनात. कोणत्या ग्राहकाची उधारी लग्नसराईनंतर येते व कोणाची मागितल्याशिवाय येत नाही, हे कोणत्याही आज्ञावलीत नव्हते. ती मुलगी मला एके दिवशी म्हणाली, "काका, मुनीमजी महिनाभर माझ्याजवळ बसले असते, तर मी कितीतरी शिकले असते." त्या दोघांना शेजारी बसविण्यासाठी मला एक जास्तीची खुर्ची तेवढी आणावी लागली असती.

त्या रात्री मी कागदावर आकडे मांडले. आमच्याकडे दहा माणसे कधीच नव्हती. ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू नव्हता. पण लागू असता तर? शेवटचा पगार बारा हजार. त्याचे पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीस दिवसांचा महिना धरून, सुमारे ६,९२३ रुपये. नोकरी ४३ वर्षे. एकूण सुमारे २ लाख ९७ हजार. मी दिले होते ५१ हजार. कायद्याने माझ्याकडे एक पैसाही निघत नव्हता. परंतु मुनीमजींनीच मला शिकविले होते की, देणे हे देणे असते, मग ते वहीत लिहिलेले असो वा नसो.

राहिलेली रक्कम २०१९ च्या दिवाळीत मी त्यांच्या घरी नेऊन दिली. ती जमविण्यास मला दोन वर्षे लागली, हेही नमूद करतो. त्यांनी पाकीट घेतले, सवयीने नोटा मोजल्या आणि म्हणाले, "भाऊ, रक्कम बरोबर आहे. पण एकदा विचारायला हवं होतंत, शिकता का म्हणून. तुमच्या वडिलांनी मला मीटर शिकवला नव्हता का?" मी निरुत्तर झालो. त्यांच्या तरुणपणी सारे दुकान अजून मनात वारानेच हिशेब करीत असे आणि वडिलांनी त्यांच्या हाती मीटरपट्टी देऊन स्वतः शेजारी उभे राहून मोजायला लावले होते, हे त्यांनी मला अनेकदा सांगितले होते.

ताळेबंद

वरील सर्व इतिहासातून मला जे उमगले, ते थोडक्यात मांडतो. प्रत्येक कसबाचे दोन भाग असतात. एक हाताचा, दुसरा पारखीचा. यंत्र पहिला भाग घेऊन जाते. दुसरा भाग माणसापाशीच राहतो आणि तो नव्या यंत्रालाही हवा असतो. जुळाऱ्याचे शुद्धलेखन संगणकाला हवे होते. मुनीमजींची पारख आज्ञावलीला हवी होती. ज्याने हा दुसरा भाग नव्या साधनापर्यंत पोहोचविला, त्याचा माणूसही टिकला आणि धंदाही सुधारला. ज्याने जुने मोडीत काढले, त्याने खिळ्यांबरोबर पारखही वजनावर विकली.

हे काम एकट्या सरकारवर सोपवून चालत नाही. सरकारने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, औद्योगिक प्रशिक्षण संस्था काढल्या, २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना राबविली. या सर्वांचा रोख मुख्यतः तरुणांवर आहे, आणि तो असावाच. परंतु पन्नाशीतील माणसाला दुपारचे दोन तास मोकळे करून, पगार चालू ठेवून, शेजारी बसवून नवे शिकविणे हे केवळ मालकच करू शकतो. दशमान नाण्यांच्या वेळी आमच्या वाडवडिलांनी ते केले होते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९५ साली ज्या तरुणांनी जुळाऱ्यांची जागा घेतली, ते आज स्वतः पन्नाशीत आहेत. मजकूर आता लेखक मोबाइलवर बोलून लिहितात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पाने लागतात. आमच्या दुकानातील ती हुशार मुलगीही उद्या याच वळणावर येईल. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे व्यापारात आहेत. प्रत्येकाच्या पेढीवर दोन-चार माणसे वर्षानुवर्षे काम करीत आहेत. कायदा आपल्या उंबरठ्याच्या बाहेर थांबतो, म्हणून आपले कर्तव्यही तेथेच थांबते, असे समजू नये. यंदाच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या जुन्या माणसाला एकदा विचारावे, "हे नवे शिकता का? मी बरोबर बसतो." एवढीच माझी नम्र विनंती आहे.

मी तसे विचारू लागलो आहे. आमचे सर्वांत जुने विक्रेते एकसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या वर्षापासून ते साड्यांचे फोटो काढून परगावच्या ग्राहकांना मोबाइलवर पाठवितात. कोणत्या उजेडात कोणता रंग खरा दिसतो, हे त्यांच्याइतके आमच्या दुकानात कोणालाच कळत नाही. फोटोखाली मजकूर लिहिताना ते अजून अडखळतात. ते काम ती मुलगी करते आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून पैठणी पारखायला शिकते.

लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्. ट्रस्टच्या पुढील वाटचालीस माझ्या व माझ्या कुटुंबीयांच्या हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र.